बुगडीतलं जस्त

सोन्यावर शुद्धतेचा शिक्का लागेल, असं कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा माणूस फोनवर सांगत होता. मी त्याला चौथ्यांदा समजावत होतो की हे सोनं म्हणजे दागिना नव्हे. बाटलीतला पिवळा क्षार आहे, जेमतेम पाच ग्रॅम, आणि त्याच्यावर शिक्का मारायला जागाच नाही. तो हिंदीत म्हणाला, बिलावर ‘गोल्ड’ लिहिलंय ना, मग शिक्का लागणार. मी म्हटलं, बाटली उघडून हवा लागली तर त्याचं पाणी होईल. तो म्हणाला, मग उघडू नका, तसाच शिक्का आणा.

हे तीन आठवडे चाललं. माणूस तोच, वाक्यं तीच. पुढे जे झालं त्याचा दोष मी बराच काळ या माणसावर टाकत आलो. ते सोयीचं होतं. आता सोयीचं राहिलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी कुवेतमध्ये अम्गऱ्यात काम करतो. भंगारवाले, लोखंड कापणारे, फरशांचे आणि विटांचे यार्ड, यांच्यामध्ये आमच्या कंपनीची एक शेड आहे आणि शेडच्या मागच्या भागात एसी लावलेली काचेची खोली. तिला सगळे लॅब म्हणतात. कंपनीचा मूळ धंदा जनरेटर विकायचा आणि दुरुस्त करायचा. मालकांच्या पुतण्याला, ज्याला आम्ही सगळे मुदीर म्हणजे मॅनेजर म्हणतो, काही वर्षांपूर्वी वाटलं की वफ्राच्या शेतांवरचे पंप आणि वाळवंटातले कॅमेरे आवाज न करणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या यंत्रावर चालवता आले पाहिजेत. त्यासाठी त्याने मला बोलावलं. मी तोवर बॅटरीच्या कारखान्यात होतो. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट गाठीला होती आणि वय सत्तेचाळीस. त्या वयात परदेशातून बोलावणं आलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

यंत्र म्हणजे इंधनघट, फ्युएल सेल. त्यात पेट्रोल-डिझेल नसतं. बोरोहायड्राइड नावाची पांढरी पूड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवायची आणि ते पाणी घटात सोडायचं. आत एका काळ्या कापडावर धातूची अगदी बारीक भुकटी चोपडलेली असते. तिला लागून ती पूड आपले इलेक्ट्रॉन सोडते आणि वीज मिळते. सगळं त्या भुकटीवर अवलंबून. निकेल घेतलं तर ते घाई करतं. बरंचसं इंधन हायड्रोजनचे बुडबुडे होऊन उडून जातं. सोनं बुडबुडे फारसे होऊ देत नाही, इंधनातून जेवढं काढता येईल तेवढं काढतं, पण आळशी आहे. म्हणून सोन्यात दुसरा एखादा धातू मिसळायचा, म्हणजे गुण सोन्याचा राहतो आणि वेग वाढतो. यावर जगभर लोक काम करतात, मी काही वेगळं करत नव्हतो. मी तांबं निवडलं होतं. तीन भाग सोनं, एक भाग तांबं.

मे महिन्यात खुद्द मालक बघायला येणार होते. तारीख ठरली होती. यंत्र तयार होतं, कापड तयार होतं, तांबं होतं. सोनं एजंटकडे अडकलेलं होतं.

घरी जेवताना मी हेच गाऱ्हाणं पुन्हा काढलं, तेव्हा बायको उठली. आम्ही एगैलात राहतो. ती एका बँकेत ऑडिटला आहे आणि तिला एकच गोष्ट दोनदा ऐकायला आवडत नाही. कपाटातून तिने एक जुनी डबी आणली. आपल्याकडे बहुतेक घरांत अशी एक डबी असते: तुटलेली साखळी, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं, वाकडी अंगठी, पुढेमागे मोड म्हणून सोनाराला घालायचं सगळं. त्यातून तिने माझ्या आईची बुगडी काढली. कानाच्या वरच्या पाळीत घालायचा तो लहानसा मोत्यांचा दागिना. जोडीतली दुसरी बुगडी आईच्या हयातीतच कुठल्याशा लग्नात हरवली होती.

‘ही न्या,’ ती म्हणाली. ‘पण उद्यापासून जेवताना तो एजंट नको.’

मी म्हटलं, अगं, आईची आहे.

‘मग मी एका कानात घालून बँकेत जाऊ? न्या. सासूबाईंनी स्वतः काढून दिली असती. वर चार माणसांत सांगितलं असतं.’

ते खरं होतं. आईने सांगितलंच असतं.

मोती काढून मी डबीत परत ठेवले आणि बुगडी आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात टाकली. फार वेळ लागला नाही. चांदी होती ती पांढरी होऊन तळाला बसली, ती गाळून बाजूला केली. उरलं नारिंगी-पिवळं पाणी. आता खरी रीत अशी, की त्या पाण्यातून सोनं एकटं खाली पाडायचं, धुऊन घ्यायचं आणि पुन्हा विरघळवायचं. दोन दिवसांचं काम. माझ्याकडे दोन दिवस नव्हते, किंवा होते पण मी वैतागलेला होतो. दागिना बावीस कॅरेटचा धरला. बाकीचं तांबं असणार, तेवढं तांबं कमी घालू, असा हिशेब केला.

बुगडीला किती जोड असतात. दांडी, फिरकी, मोत्यांच्या कड्या. प्रत्येक जोडाला सोनार डाग देतो, म्हणजे झाळतो. आणि गावचा सोनार त्या डागात काय काय घालायचा ते मला माहीत होतं. आमच्या घराशेजारी सोनाराचं दुकान होतं, शाळेतून आलं की मी तिथे फुंकणी बघत बसायचो. पितळेचा कीस डागात जाताना मी कितीदा पाहिलेला आहे, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ही गोष्ट त्या दिवशी माझ्या मनात आलीच नाही, असं मी म्हणणार नाही. आली. मी ती बाजूला सारली.

प्रयोगाच्या वहीत लिहिलं: सोन्याचा क्षार, जुनी बाटली. कंपनीचा नियम होता की लॅबमधल्या प्रत्येक पदार्थाला खरेदीचा कागद पाहिजे, बाहेरचं काही वापरायचं नाही. एका बुगडीसाठी कोण कागदपत्रं करत बसणार, असं मी स्वतःला म्हटलं.

मालक आले त्या दिवशी घट असा चालला की मलाच खरं वाटेना. टेबलावरचा पंखा आणि दोन दिवे जोडले होते. दुपारभर ते चालू राहिले आणि मीटरवरचा विजेचा आकडा पडेना. मालक वयस्कर, कमी बोलणारे. पंख्यासमोर खुर्ची ओढून ते नुसते हवा घेत बसले. जाताना त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. आठवड्याच्या आत मुदीरने मला सांगितलं, हेच मोठ्या प्रमाणावर करायचं, त्यासाठी आणखी एक माणूस घे.

माणूस मीच निवडला. म्हणजे तिला. ती लातूरकडची, बत्तीस-तेहतीसची. डॉक्टरेट झालेली, आणि सहा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. दर जूनमध्ये नव्याने अर्ज आणि दर एप्रिलमध्ये मोकळी. व्हिडिओवर मुलाखत घेतली तेव्हा तिने मला उलट तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही नेमके होते. ऑक्टोबरमध्ये ती आली. करार एक वर्षाचा. वर्ष संपायच्या दोन महिने आधी कंपनी काय ते सांगणार. नाही म्हटलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द आणि विमान. कॉलेजातली तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

तिच्यापुढे काम एकच होतं. माझा आकडा पुन्हा आणायचा.

तोवर पिवळ्या क्षाराची बाटली आलेली होती. एजंटकडचा तो माणूस बदलला, नव्या माणसाने काहीही न विचारता ती एका दिवसात सोडवली. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

तिने माझी वही उघडली आणि ओळ न ओळ तसंच केलं. आकडा आला माझ्या निम्म्याहून थोडा वर. पुन्हा केलं, तोच. मग तिने एकेक गोष्ट बदलून पाहायला सुरुवात केली. पाणी बदललं. तांब्याचा क्षार दुसऱ्या बाटलीतला घेतला. कापड नवं घेतलं. बोरोहायड्राइडला इथल्या दमट दिवसांत पाणी सुटतं म्हणून ती पूड तिने डब्यात डबा घालून ठेवली. आकडा हलला नाही. तिच्या हातात काही खोट नव्हती, हे मला दुसऱ्या आठवड्यातच दिसलं होतं. माझ्यापेक्षा ती नीटस काम करते.

एक दिवस तिने विचारलं, ती जुनी बाटली कुठली होती. मी म्हटलं, संपली. रिकामी तरी असेल, लेबल बघितलं असतं. मी म्हटलं, टाकली असणार. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

‘सर, कचऱ्याच्या नोंदीत नाही ती.’

मी म्हटलं, तेव्हा अशी नोंद ठेवत नव्हतो. ती नोंद मीच सुरू केलेली होती आणि पहिल्या पानावर मेच्या आधीची तारीख होती. मला तिचा राग आला. खरंच आला. एवढ्या बारीकसारीक गोष्टी कशाला उकरायच्या, असा.

जानेवारीत तिने दोन नमुने बाहेरच्या एका लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासायला पाठवले. एक तिचा आणि एक माझा, मे महिन्यातल्या कापडाचा उरलेला तुकडा. अशा तपासणीत कुठला धातू आहे ते कागदावर शिखरांच्या रूपात दिसतं, प्रत्येक धातूचं शिखर ठरलेल्या जागी. तिने दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

‘सर, तुमच्या नमुन्यात जस्त दिसू लागलंय. माझ्यात नाही.’

शिखर बुटकं होतं, पण होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. बुगडी, जोड, डाग, फुंकणी. आणि मी म्हटलं, ‘नमुना ठेवायचा होल्डर पितळी असतो. त्याचं येतं कधीकधी.’

हे खरं आहे. असं होतं. म्हणून तर ते सुचलं.

‘मग माझ्यात काहून नाही आलं? होल्डर तर तोच.’

‘तुझा नमुना जाड बसला असेल. खालचं दिसलं नसेल.’

ती कागद बघत राहिली. मग ‘होय सर’ म्हणाली, आणि आपल्या वहीत लिहिलं: जस्ताचं शिखर होल्डरमुळे, सरांच्या सांगण्यावरून. माझं खोटं तिच्या अक्षरात वहीत गेलं. मी ते उलटं वाचलं, टेबलाच्या या बाजूने.

का गप्प राहिलो, ते सांगायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. आधी नियम मोडल्याची भीती होती. मग मालकांचं त्या पंख्यासमोर बसणं आठवायचं. आठ-दहा दिवसांनी बुगडी हा प्रश्नच उरला नाही. आता सांगायचं म्हणजे गप्प बसलो होतो तेही सांगावं लागणार, आणि ते रोज एका दिवसाने वाढत होतं.

तिचं डोकं थांबत नव्हतं. होल्डरचं तिला पटलेलं नसावं. तिने ठरवलं की जस्त बाहेरून येतं. आमच्या शेजारी जस्ताचे पत्रे कापणारं यार्ड आहे, दिवसभर त्याची धूळ उडते. तिला वाटलं, ही धूळ आपल्या भुकटीत मिसळून काहीतरी बिघडवत असणार. माझ्या तुकड्यावर ती नंतर बसली असेल, आणि तिच्या नमुन्यात दिसली नाही ती जाडीमुळे, हे तर मीच सांगितलेलं होतं. बरोबर उलटं होतं. जस्त तिच्या भुकटीत नव्हतं म्हणून ती मागे पडत होती. पण तिच्या हातात जे कागद होते त्यांवरून तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. तिने खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. दाराशी ओलं फडकं टाकलं. दर दोन तासांनी टेबल पुसायची. बूट बाहेर काढायला लावायची, मलाही. मी अनवाणी माझ्या खुर्चीपर्यंत जायचो आणि वैतागायचो. पुन्हा खरं सांगतो, मला लाज नव्हती वाटत तेव्हा, वैताग यायचा. फडक्यावरून पाय घसरला की मी तिच्या नावाने चडफडायचो.

मे महिन्यात मुदीरने विचारलं, मालक बघून गेले त्याला वर्ष झालं, तुला एका झटक्यात जमलं ते हिला का जमत नाही. मी म्हणालो, हात बसायला वेळ लागतो.

एवढंच म्हणालो. एका वाक्यात मी तिला विकून आलो. त्यानंतर मुदीर तिच्याबद्दल बोलताना आपला उजवा हात वर करून हलवायचा, लुळा असल्यासारखा, आणि हसायचा.

शुक्रवारी ती अधूनमधून आमच्याकडे जेवायला यायची. बायकोला वहिनी म्हणायची. गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ घेऊन यायची आणि बायकोला भाकरी शिकवायची. बायकोच्या भाकरीचे नकाशे व्हायचे, त्यावर दोघी हसायच्या. जूनमधल्या एका शुक्रवारी तिने जेवताना कामाचं काढलं. एरवी काढत नसे. म्हणाली, वहिनी, ऑगस्टात कळेल ठेवतात का नाही ते, मला तर काही उमजना झालंय.

‘इतकं काय अडतंय गं त्यात?’ बायको म्हणाली. ‘ह्यांचं तर आमच्या त्या डबीतल्या...’

‘जरा वरण आण ना,’ मी म्हटलं.

वरण समोरच होतं. बायकोने वरणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेली. येताना पापड घेऊन आली. नंतर ती फक्त पापडांबद्दल बोलत होती.

पाहुणी गेल्यावर तिने ओट्याशी उभ्या उभ्या विचारलं, ‘तिला माहीत नाही?’

मी सांगितलं. जस्ताचं शिखर, पितळी होल्डर, मुदीर, हात. सांगताना नियमावर आलो, कंपनीचा नियम असा आहे वगैरे.

‘नियमाचं मला नका सांगू,’ ती म्हणाली. ‘मी ऑडिटला आहे. माणसाची चूक सापडली तर फारसं काही होत नाही हो. ती दुसऱ्याच्या नावावर टाकलेली सापडली, तर होतं. आणि ती बुगडी मी हाताने दिली होती तुम्हाला. चोरून आणल्यासारखी लपवलीत?’

मी म्हटलं, रविवारी सांगतो.

रविवारी सांगितलं नाही. रविवारी एसी बंद पडला होता. सोमवारी तिच्या डोक्यात काहीतरी वेगळंच चाललं होतं, मधेच कसं बोलायचं. मंगळवारी मुदीर शेडमध्ये फिरत होता. असे रविवार-सोमवार करत जून गेला आणि जुलै निम्मा गेला. बायकोने रोज विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने एकदाही विचारलं नाही.

जुलैच्या शेवटी मुदीरने मला केबिनमध्ये बोलावलं. समोर मंदूब बसला होता, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस. टेबलावर एक पत्र होतं, अरबीत आणि खाली इंग्रजीत. कामात अपेक्षित प्रगती न झाल्याने करार पुढे चालू ठेवता येत नाही. खाली वरिष्ठ म्हणून माझी सही हवी होती. मंदूबने पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडे धरलं. तो चांगला माणूस आहे, माझी कितीतरी कामं त्याने केली आहेत. मी म्हटलं, नीट वाचून देतो, आणि पत्र घेऊन बाहेर आलो. मुदीर मागून म्हणाला की दोनच ओळी आहेत, वाचायला किती वेळ लागतो.

ती लॅबमध्ये काचेची भांडी धूत होती. मी दाराशी बूट काढले.

‘ती जुनी बाटली नव्हतीच,’ मी म्हटलं.

‘कोणती सर?’

मग मी सगळं सांगितलं, एजंटपासून बुगडीपर्यंत. तिच्या हातातलं भांडं तसंच होतं, नळ चालू होता.

‘डाग दिलेली होती?’ तिने विचारलं. तिचा पहिला प्रश्न हा होता.

‘चार-पाच ठिकाणी तरी. जुनी होती.’

‘म्हणजे जस्त होतं.’

‘हो.’

तिने नळ बंद केला. ‘तुम्हाला कधी उमजलं?’

‘तू कागद दाखवलेस त्या दिवशी.’

‘जानेवारीत.’

‘हो.’

ती खिडकीकडे बघत होती. ‘मी पाच वाजता उठू लागले सर,’ ती म्हणाली. ‘पत्रे कापायच्या आधी यायचं म्हणून. पहिल्या बसने. बसमधली सगळी माणसं झोपलेली असतात आणि मी भुकटीचा विचार करत असते.’

मी म्हटलं, माझी चूक झाली, मला माफ कर.

‘ते नंतर. आधी वहीत लिहा.’

तिने माझी मे महिन्यातली वही काढली, पान उघडलं आणि पेन दिलं. मी त्या ओळीखाली आजची तारीख घालून लिहिलं: वरील नोंद खोटी आहे. सोनं एका जुन्या दागिन्याचं होतं, शुद्ध केलेलं नव्हतं, त्यात जस्त असणार. सही केली. मग तिने स्वतःची वही उघडली, होल्डरची ओळ दाखवली आणि तिथेही लिहायला लावलं. मी लिहीपर्यंत ती बाजूला उभी होती, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी.

‘मुदीरला माझ्या हाताचं सांगितलंत, तेही लिहा.’

मला वाटत होतं ते तिला माहीत नसेल.

‘शेडमध्ये सगळ्यांना माहितीय,’ ती म्हणाली. ‘फोरमन मला हाथवाली म्हणतो. हाथवाली आ गई. मला वाटलं, माझं हस्ताक्षर चांगलं आहे म्हणून म्हणत असेल.’

ते वहीत लिहायची रीत नाही. मी लिहिलं.

दोघं मिळून केबिनमध्ये गेलो. मी पत्र बिनसहीचं परत ठेवलं आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं मुदीर चिडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. पत्र आता माझ्या नावाने निघेल, एगैलातलं घर सोडावं लागेल, मुलीची शाळा, इथपर्यंत मनात मांडून झालं होतं. मुदीर हसायला लागला. त्याला ती गोष्ट फार आवडली. आईचा दागिना यंत्रात घातला, हे त्याने मंदूबला अरबीत सांगितलं, मंदूबही हसला. मग मुदीरने मला गंभीरपणे विचारलं की असे जुने दागिने तुमच्या गावाकडे किलोने मिळतील का. मी म्हणालो, प्रश्न दागिन्यांचा नाही. तो म्हणाला, तू शोध लावलास, मित्रा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शिक्षा घ्यायला आलो होतो आणि हा माणूस मला शाबासकी देत होता, तीही तिच्यासमोर.

ती मधेच बोलली. तिचं इंग्रजी सावकाश आहे, पण चुकत नाही. म्हणाली, यांनी शोध लावलेला नाही, यांना काय घातलं तेच माहीत नव्हतं. मला जस्त मोजून घालून बघायचं आहे. सहा आठवडे द्या. मुदीरने मंदूबकडे पाहिलं. मंदूब म्हणाला, पत्र सप्टेंबरमध्येही देता येईल, दंड पडेल तो किरकोळ. अशा रीतीने तिला सहा आठवडे मिळाले.

ऑगस्टभर ती जस्त कमी-जास्त करत होती. ती सांगेल ते मी करत होतो: कापडं कापणं, भांडी धुणं, कॉस्टिकचं पाणी करणं. माझ्या हातावर कॉस्टिकचे दोन चट्टे उठले, ते मला बरे वाटले, हेही कबूल करतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका प्रमाणाला आकडा वर गेला. माझ्या मे महिन्यातल्या आकड्याइतका नाही, थोडा खाली. तिने तोच प्रयोग आणखी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो तिथेच आला. माझा आकडा एकदाच आला होता आणि पुन्हा कुणालाच आणता येणार नाही, कारण त्या बुगडीत नेमकं काय होतं ते आता सांगणारं कुणी नाही. खरा आकडा तिचा.

तिचा करार वाढला, एक वर्षाने. मालकांना पाठवायच्या अहवालावर तिचं नाव आधी घालावं असं मी मुदीरला सांगितलं. तो म्हणाला, घाल, कोण वाचतंय. फोरमन तिला अजून हाथवालीच म्हणतो. मी त्याला एकदा बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, साब, अब तो आदत पड़ गई.

चिकटपट्टी तिने काढलेली नाही. यार्डातली धूळ जस्ताची आहेच, आणि आता जस्त मोजून घालायचं तर न मोजलेलं आत येता कामा नये. त्यामुळे मी अजून बूट काढून आत जातो.

शुक्रवारी ती येते, पण बायकोकडे येते. मी स्वयंपाकघरात गेलो की दोघींचं बोलणं थांबत नाही, फक्त मला धरून होत नाही. लॅबमध्ये सर म्हणते, सकाळी नमस्कार करते. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. ‘ते नंतर’ म्हणाली होती, त्यानंतर तो विषय निघालेला नाही आणि तो काढायचा अधिकार माझा नाही, एवढं मला कळतं.

गेल्या आठवड्यात तिने जस्ताचा क्षार तोलून ठेवायला सांगितला. मी काट्यावर ताटली ठेवली, नीट तोललं, आकडा मोठ्याने सांगितला. ती आली. तिने ताटली उचलली, काटा शून्यावर आणला, ताटली पुन्हा ठेवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. तोच आकडा होता, शेवटच्या स्थानापर्यंत. तिने तो वहीत लिहिला. ती रोज असं करते, मी तोललेलं प्रत्येक वेळी, माझ्यासमोर. ऑक्टोबरपासून एकदाही फरक आलेला नाही आणि तिने हे एकदाही चुकवलेलं नाही.

मला वैताग आला. मग मी जरा बाजूला सरकलो, कारण काट्यावर माझी सावली पडत होती आणि तिला आकडा नीट दिसत नव्हता.